लिनक्सवर डिजिटल इनपुट रेकॉर्ड करताना: आधी घड्याळ, मग वाट

मावशीच्या कपाटातून गेल्या वर्षी १४ डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपच्या, कॅसेट निघाल्या. साध्या ऑडिओ कॅसेटपेक्षा लहान, पुढे व्हिडिओ कॅसेटसारखं झाकण, वर बॉलपेननं लिहिलेलं रागाचं नाव आणि तारीख. नव्वदच्या दशकातल्या घरगुती बैठका आणि तिचा स्वतःचा रियाज. डॅटचे डेक, म्हणजे त्या वाजवणारी यंत्रं, आता कुणी बनवत नाही आणि जे उरलेत त्यांचे हेड झिजत चालले आहेत. म्हणून एका ओळखीच्या ध्वनिमुद्रकाकडून महिनाभरासाठी डेक मागून आणला आणि घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर, लिनक्सवर, सगळं उतरवायला घेतलं.

डेकच्या हेडफोनची तार काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावली असती तर १० मिनिटांत काम सुरू झालं असतं. पण डॅटवर गाणं आकड्यांच्या रूपात आहे. ते आकडे डेकनं आधी विजेच्या लहरींत बदलायचे आणि संगणकानं त्या लहरी मोजून पुन्हा आकडे बनवायचे, म्हणजे छापलेलं पुस्तक कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायचं आणि ऐकून पुन्हा लिहून काढायचं. शब्द बहुतेक तेच राहतील, पण चुका होणारच. पुस्तक समोर असताना त्याची थेट प्रत काढावी. डेकच्या मागे डिजिटल आउट असतं ते त्यासाठीच, आणि साउंड कार्डावरचं डिजिटल इन हे त्याचं दुसरं टोक.

ही दोन टोकं जोडल्यावर लिनक्सवर बहुतेकांना पहिला अनुभव येतो तो शांततेचा. मीटर हलत नाही. मग माणूस सवयीनं व्हॉल्यूमच्या पट्ट्या वर सरकवत बसतो. त्याचा काही उपयोग नाही, कारण या दारातून आवाज येतच नाही, आकडे येतात, आणि आकड्यांना जोर लावता येत नाही. इथे दोनच गोष्टी विचारायच्या असतात. कार्ड कुणाच्या घड्याळावर चालतंय? आणि आलेले आकडे कुठल्या चॅनलमधून पुढे जातायत? माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक अडचण या दोनांपैकी एकीवर येऊन थांबली, आणि जास्त वेळा पहिलीवर.

दार ओळखणं

त्याआधी तारेचं बघून घेऊ. घरगुती डिजिटल जोडणीला एसपीडीआयएफ म्हणतात. सोनी आणि फिलिप्स यांच्या नावांवरून ते पडलं. ती दोन रूपांत येते. एक तांब्याच्या तारेची, जिला आपल्या नेहमीच्या आरसीए पिना असतात. दुसरी प्रकाशाची, तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली, चौकोनी तोंडाची टॉसलिंक.

तांब्याच्या जोडणीला ७५ ओहमची तार लागते. लाल-पांढरी ऑडिओ केबलही त्या पिनेत बसते आणि छोट्या अंतरावर कधीकधी चालतेसुद्धा, पण मधूनच टिकटिक ऐकू येते आणि दोष कशाचा ते कळत नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळी व्हिडिओ केबल मात्र साधारणपणे ७५ ओहमची असते. ती बिनधास्त वापरा.

प्रकाशाच्या तारेबाबत दोन गोष्टी सांगतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर छोट्या पारदर्शक टोप्या असतात, त्या नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत; त्या काढाव्या लागतात. आणि ज्या भोकातून लाल उजेड दिसतो ते आउट, जे अंधारं ते इन. मदरबोर्डच्या मागे ऑप्टिकल भोक बघून लोक खूश होतात, पण तिथे बहुतेक वेळा फक्त आउट असतं. रेकॉर्डिंगसाठी स्वतंत्र कार्ड किंवा यूएसबी इंटरफेस लागतो. तो घेतानाही 'ऑप्टिकल आहे' एवढ्यावर भागत नाही, इन आहे का हे विचारायचं.

आणखी एक फसगत म्हणजे अडॅट. हे अलेसिस कंपनीचं ८ चॅनलचं डिजिटल स्वरूप तीच टॉसलिंकची केबल आणि तेच भोक वापरतं, पण त्यातली भाषा वेगळी. एसपीडीआयएफ पाठवणारा डेक अडॅटच्या इनपुटला लावला तर पिन अगदी घट्ट बसेल आणि काहीही ऐकू येणार नाही. काही इंटरफेसमध्ये एकाच भोकाला दोन्ही भाषा कळतात, पण कुठली ऐकायची ते सेटिंगमध्ये सांगावं लागतं.

आता लिनक्सकडे वळू. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, आवाजाचा भाग म्हणजे अल्सा. यारोस्लाव किसेला यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलपासून तोच मुख्य झाला. अल्साच्या मिक्सरमध्ये एसपीडीआयएफ हा शब्द शोधलात तर बरेचदा सापडत नाही. तिथे त्याचं नाव आहे आयईसी९५८. हा त्या जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा जुना क्रमांक. नवशिक्यांचा अर्धा तास इथेच जातो, म्हणून ते लक्षात ठेवा: अल्सात आयईसी९५८ दिसलं की ती तुमची डिजिटल तार.

टर्मिनलमध्ये एरेकॉर्ड ही आज्ञा छोट्या एल पर्यायासह दिली की रेकॉर्डिंग करू शकणारी सगळी कार्डं क्रमांकासह दिसतात. तोच पर्याय मोठ्या एलनं दिला तर कार्डांऐवजी नावांची यादी येते: डिफॉल्ट, फ्रंट, आयईसी९५८ वगैरे. ही दुसरी यादी फारच कमी लोक बघतात आणि आपल्या कामाची तीच आहे. कार्डाच्या क्रमांकावर विसंबू नका. आज जे कार्ड १ आहे ते उद्या वेबकॅम लावून मशीन सुरू केलं की २ होतं. त्यामुळे आज्ञांमध्ये कार्डाचं नावच लिहावं.

ठेका एकच

दिंडीत टाळकरी शंभर असोत, ठेका मृदंगाचा धरायचा असतो. शेजारून दुसरी दिंडी चालली असेल आणि तिचा मृदंग केसभर जलद असेल, तर दोन्हीकडचे टाळ काही वेळ जुळल्यासारखे वाटतात आणि मग सुटतात. दोन्ही मृदंग आपापल्या जागी उत्तम वाजत असले तरी.

डिजिटल आवाजात नेमकं हेच होतं. ४८ हजारचा सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला ४८,००० आकडे, म्हणजेच नमुने, आणि ते कधी मोजायचे हे प्रत्येक यंत्रातला एक क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो. डेकमध्ये एक स्फटिक आहे, कार्डात दुसरा. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा फरक लाखात एकाचा आहे, म्हणजे अगदी चांगल्या दर्जाचे स्फटिक आहेत. ४४,१०० च्या रेटला सेकंदाला ०.४४ आकड्याचा फरक पडेल, म्हणजे साधारण सव्वादोन सेकंदांनी एक आकडा जास्त होईल किंवा कमी पडेल. कार्ड तो एकतर गाळतं किंवा आधीचाच पुन्हा लिहितं. लांब, स्थिर षड्जावर हे बारीक टिचकीसारखं ऐकू येतं. तबला जोरात चालू असताना कळतसुद्धा नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं. अख्खी कॅसेट उतरवून झाल्यावर आलापीच्या शांत जागी ते सापडतं.

उपाय असा, की दोघांपैकी एकानं आपला स्फटिक बाजूला ठेवून दुसऱ्याचा ठेका धरायचा. डेक टेप वाजवतोय, तो काही ऐकत नाहीये. म्हणजे ठेका डेकचा आणि कार्डानं मागे चालायचं. सोय अशी की त्यासाठी वेगळी तार लागत नाही. एसपीडीआयएफमध्ये प्रत्येक बिटाच्या सीमेवर सिग्नलची पातळी हमखास पालटते, मग तो बिट शून्य असो वा एक. डाव्या-उजव्या नमुन्यांची जोडी ६४ बिटांत बसते, म्हणजे ४८ हजारच्या रेटला तारेतून सेकंदाला ३०,७२,००० बिट वाहतात, आणि त्या पालटण्यातूनच कार्डाला डेकचा ठेका ऐकू येतो. त्याला फक्त सांगायचं असतं की बाबा, आता याच्या मागे चाल.

माझ्याकडचं कार्ड एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ आहे. जुनं पीसीआय कार्ड, पण त्यातली एन्व्ही२४ चिप लिनक्सला फार चांगली माहीत आहे. अल्सात या चिपचं नाव आईस१७१२. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडायचं, एफ६ दाबून कार्ड निवडायचं, आणि मल्टी ट्रॅक इंटर्नल क्लॉक नावाचा रकाना शोधायचा. त्यात ४४१००, ४८००० असे आकडे दिसतात आणि शेवटी आयईसी९५८ इनपुट असा एक पर्याय येतो. तो निवडला की कार्ड बाहेरच्या घड्याळावर गेलं. खिडकीतलं साधन हवं असेल तर एन्व्ही२४कंट्रोल आहे किंवा त्याचीच सुधारलेली आवृत्ती मुदिता२४; त्यांत हे सगळं हार्डवेअर सेटिंगच्या पानावर मिळतं.

इतर कार्डांवर रकान्याचं नाव वेगळं असेल: क्लॉक सोर्स, सिंक रेफरन्स, मास्टर क्लॉक. पण डिजिटल इन असलेल्या कार्डावर ही निवड कुठेतरी असतेच. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका असंच मी म्हणेन.

घड्याळ बाहेरचं ठेवल्यावर एक गोष्ट विसरायला होते. कार्डाला आता ठेका मिळतोय, पण त्या ठेक्याचा रेट किती हे सॉफ्टवेअरला कळतंच असं नाही. डॅटवर तीन रेट असू शकतात: ४८ हजार, ४४,१०० आणि लाँग प्लेसाठी ३२ हजार. सगळ्या कॅसेट ४८ हजारच्याच असतील असं धरून मी पहिल्या दिवशी तीन कॅसेट सलग उतरवल्या आणि रात्री मावशीला ऐकवल्या. दोन बरोबर. तिसरी सुरू झाली आणि तिनं दहा सेकंदांत हात वर केला.

"अरे, माझी पट्टी काळी एक. हे काय वर चढलंय?"

पेटी काढून बघितलं. आवाज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मधे कुठेतरी होता, पेटीवर जो सूरच नाही तिथे. कारण हिशोबात स्पष्ट दिसतं. ती कॅसेट ४४,१०० ची होती. कार्डानं डेकच्या मागे चालून अचूक ४४,१०० आकडे दर सेकंदाला घेतले, पण मी एरेकॉर्डला रेट ४८ हजार सांगितला होता आणि त्यानं फाइलच्या माथ्यावर तेच लेबल लावलं. वाजवताना तेच आकडे भराभरा वाजले आणि सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीनं चढला. तासाभराची कॅसेट ५५ मिनिटांत संपत होती, हेही तेव्हा लक्षात आलं.

यात दिलासा असा की आकडे एकही बिघडलेले नव्हते, फक्त लेबल चुकलं होतं. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये ट्रॅकच्या मेनूत रेट बदलून ४४,१०० केला की सूर जागेवर येतो. इथे रिसॅम्पल हा शब्द असलेला पर्याय वापरायचा नाही, त्यानं आकडे नव्यानं मोजले जातात. आपल्याला फक्त लेबल बदलायचं आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक कॅसेट सुरू झाल्यावर डेकच्या डिस्प्लेवर चमकणारा रेट आधी वहीत लिहितो आणि मगच आज्ञा देतो. एकाच कॅसेटवर अर्ध्यात रेट बदललेलाही सापडला. तिथे थांबून नवी फाइल सुरू करावी लागते.

बारा नळ, त्यातले दोन आपले

आता वाट. ऑडिओफाइल २४९६ च्या मागे दोन अ‍ॅनलॉग इनपुट आणि डाव्या-उजव्यासह एक डिजिटल इनपुट, म्हणजे मोजून चार चॅनल. पण लिनक्सला या कार्डातून रेकॉर्डिंगचे १२ चॅनल दिसतात. कारण ड्रायव्हर चिपशी बोलतो, कार्डाच्या पत्र्याशी नाही, आणि तीच चिप ८ अ‍ॅनलॉग इनपुट असलेल्या मोठ्या कार्डांतही वापरली होती. पहिले ८ चॅनल अ‍ॅनलॉगचे, त्यांतले आपल्या कार्डावर पहिले दोनच जिवंत. नववा आणि दहावा डिजिटल इनपुटचे. अकरावा आणि बारावा चिपच्या आतल्या मिक्सरमधून परत येणारे.

यात मोजण्याची एक भानगड आहे. माणसं एकपासून मोजतात आणि अल्सा शून्यापासून. म्हणून आपला नववा-दहावा म्हणजे अल्साचा आठवा-नववा. कुठल्याही सेटिंगमध्ये आकडा लिहिण्याआधी तो कोण मोजतोय हे बघा.

कार्डाला थेट हार्डवेअरच्या नावानं हाक मारली तर ते १२ च्या १२ चॅनल एकदम देतं, तेही प्रत्येक नमुना ३२ बिटांच्या डब्यात. ४४,१०० च्या रेटला तासाला साडेसात जीबीच्या वर होतात आणि साध्या वेव्ह फाइलची ४ जीबीची मर्यादा ३४ मिनिटांच्या आत ओलांडली जाते. आपल्याला हवेत फक्त दोन चॅनल. पूर्वी लोक होम फोल्डरमधल्या एसाउंडआरसी नावाच्या फाइलीत स्वतः वाट लिहायचे: आठव्यातला शून्यावर आण, नवव्यातला एकवर आण, बाकीचे सोडून दे. आजही नवख्या कार्डासाठी हेच करावं लागतं. पण या चिपची ओळख अल्साबरोबर येणाऱ्या फाइलींमध्ये आधीच लिहिलेली आहे. मोठ्या एलच्या यादीत जे आयईसी९५८ नाव दिसलं होतं, त्याचा अर्थच हा. त्या नावानं रेकॉर्डिंग मागितलं की ते १२ मधले योग्य दोन काढून आपल्या हातात स्टिरिओ देतं.

एन्व्ही२४कंट्रोल उघडल्यावर पॅचबे नावाचं पान दिसतं आणि साहजिकच वाटतं की रेकॉर्डिंगची वाट इथून ठरत असणार. मीही तिथे बरीच बटणं दाबून पाहिली. त्या पानाचा रेकॉर्डिंगशी संबंध नाही. कार्डाच्या आउटपुटवर काय पाठवायचं, एवढंच ते ठरवतं: संगणकातला आवाज, आतल्या मिक्सरमधला आवाज, की इनपुटवर येणारा आवाज जसाच्या तसा. तसंच मॉनिटर इनपुट्सच्या पट्ट्या. त्या हलवल्या की कानात ऐकू येणारं बदलतं आणि अकराव्या-बाराव्या चॅनलवर येणारं मिश्रण बदलतं. नवव्या-दहाव्यावर त्यांचा काही परिणाम नाही. तिथे तारेतून आलेले आकडे कुणीही हात न लावता मिळतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. उलट कुणी चुकून अकरावा-बारावा रेकॉर्ड करत असेल तर त्याला आवाज ऐकू येईल, पट्ट्यांनी तो कमीजास्तही होईल, आणि ती प्रत मात्र खरी प्रत राहणार नाही. म्हणून डिजिटल इनपुटचं रेकॉर्डिंग एखाद्या पट्टीनं कमीजास्त होत असेल, तर मला ते चुकीच्या चॅनलचं लक्षण वाटतं.

नव्या यूएसबी इंटरफेसमध्ये गोष्ट थोडी पालटते. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेतल्या मोठ्या इंटरफेसमध्ये इनपुट कुठलं कुठल्या चॅनलवर यायचं हे कायमचं ठरलेलं नसतं. उपकरणाच्या आतच एक स्विचबोर्ड असतो. जेफ्री बेनेट यांनी त्याचा लिनक्स ड्रायव्हर आणि अल्सा-स्कारलेट-जीयूआय हे साधन लिहिलंय. त्यात एका बाजूला हार्डवेअरची इनपुट, दुसऱ्या बाजूला संगणकाकडे जाणारे पीसीएम चॅनल, आणि मधे माउसनं ओढायच्या रेषा. एसपीडीआयएफपासून पीसीएमकडे रेष नसेल तर तार, घड्याळ सगळं बरोबर असूनही शांतताच मिळणार. त्याच खिडकीत घड्याळ कुठलं आणि ते धरलं गेलंय की नाही हेही दिसतं. आधी ते वाचा.

पाइपवायर मधे येतं तेव्हा

इथपर्यंत अल्सा झालं. पण आजच्या डेस्कटॉपवर कार्ड आणि प्रोग्रामांच्या मधे आणखी एक थर असतो. पूर्वी तो पल्सऑडिओ होता आणि संगीतवाल्यांसाठी पॉल डेव्हिस यांचं जॅक. आता दोघांची जागा विम टेमन्स यांच्या पाइपवायरनं घेतली आहे. फेडोरानं २०२१ मध्ये, ३४ व्या आवृत्तीत ते मुख्य केलं आणि उबंटूनं २२.१० पासून.

पाइपवायर कार्ड उघडताना त्याला एक प्रोफाइल लावतं. नेहमीचं प्रोफाइल स्पीकर आणि माइक अशा भाषेत विचार करतं, आणि १२ चॅनलचं कार्ड त्याला कसं मांडावं हे बरेचदा कळत नाही. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्फिगरेशनच्या पानावर जाऊन प्रो ऑडिओ निवडलं की ते असला विचार सोडून देतं आणि सगळे चॅनल ऑक्स शून्य, ऑक्स एक असे मांडतं. आपले दोन म्हणजे ऑक्स आठ आणि ऑक्स नऊ. मग क्यूपीडब्ल्यूग्राफ उघडायचं. डाव्या बाजूला कार्डाची पेटी, उजव्या बाजूला आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामची किंवा ज्यात रेकॉर्ड करायचं त्याची पेटी. ऑक्स आठपासून पहिल्या ट्रॅकला, ऑक्स नऊपासून दुसऱ्याला तार ओढायची. स्टुडिओतल्या पॅचबेत प्रत्यक्ष वायर खोचल्यासारखं हे काम आहे आणि मला तरी लिनक्सवर रेकॉर्डिंग करण्यातलं सर्वांत आनंदाचं तेच वाटतं.

पाइपवायर अतिशय मदतशील आहे आणि आपल्या कामात त्या मदतीपासूनच जपायचं असतं. त्याचा मूळ रेट ४८ हजार. वेगळं काही सांगितलं नसेल तर ते सगळा व्यवहार त्याच रेटनं करतं. साध्या ४४,१०० च्या कार्डाचा आवाज ते गुपचूप नव्यानं मोजून ४८ हजारांत बसवतं. ऐकायला काही खटकत नाही, पण आकडे तेच राहिले नाहीत. आणि कार्ड डेकच्या मागे ४४,१०० वर चाललेलं असताना पाइपवायरला ते ४८ हजारचं वाटत असेल, तर मावशीनं पकडलेली चूकच पुन्हा होते. पीडब्ल्यू-मेटाडेटा या आज्ञेनं सेटिंगमधला क्लॉक फोर्स-रेट ४४,१०० केला की ते तेवढ्या वेळापुरतं तुमच्या रेटवर येतं. पीडब्ल्यू-टॉप चालवून रेटचा रकाना बघावा. तिथे खरं काय चाललंय ते दिसतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. दोन वेगवेगळी कार्डं एकत्र वापरली तर पाइपवायर त्यांतल्या एकाला मुख्य धरतं आणि दुसऱ्याचा आवाज सतत बारीक ताणून-आवळून त्याच्याशी जुळवतं. हे ते छान करतं. त्यावरून काहींना वाटतं की आता घड्याळाची चिंता संपली. पण डेक आणि कार्ड यांच्यातला फरक कार्डाच्या आतच पडतो. गळालेला आकडा पाइपवायरपर्यंत पोचतच नाही, तर ते जुळवणार काय? ते घड्याळ कार्डावरच लावावं लागतं.

माझं मत विचाराल तर एकाच डेकवरून सरळ प्रत काढायची असेल तेव्हा पाइपवायरला मधे घेऊ नये. त्याच कॉन्फिगरेशनच्या पानावर त्या कार्डाचं प्रोफाइल ऑफ करायचं आणि एरेकॉर्डनं थेट अल्साकडून घ्यायचं. प्रोफाइल ऑफ न करता गेलात तर बरेचदा उपकरण व्यस्त असल्याचा संदेश येतो, कारण पाइपवायर कार्ड धरून बसलेलं असतं. माइक, डिजिटल इनपुट आणि मागे वाजणारा तंबोऱ्याचा ट्रॅक असं सगळं एकत्र लागणार असेल तर मात्र पाइपवायर आणि आर्डर यांना पर्याय नाही.

बफर, म्हणजे आकडे पुढे जाण्याआधी जिथे थोडे साठतात ती जागा, त्याबद्दल थोडंसंच सांगतो. लिनक्सवर रेकॉर्डिंग म्हटलं की लेटन्सी, म्हणजे आवाजाला होणारा उशीर, कमी करण्याचे सल्ले मिळतात. ते गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून ऐकायचा असेल तेव्हा महत्त्वाचे. टेप उतरवताना आवाज फाइलीत २१ मिलिसेकंद उशिरा गेला तर काय बिघडलं? ४८ हजारला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे तेवढाच उशीर. बफर मोठा ठेवा, मशीनला श्वास घेऊ द्या.

प्रत खरी आहे का

हे तपासता येतं, आणि अ‍ॅनलॉग रेकॉर्डिंगमध्ये असं तपासायला कधीच मिळत नाही. कॅसेटचा पाच मिनिटांचा एकच तुकडा दोनदा उतरवायचा. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवायच्या, खूप झूम करून एखाद्या तबल्याच्या थापेवर एक नमुनाही इकडेतिकडे न ठेवता जुळवायच्या. मग एकीला इन्व्हर्ट, म्हणजे लहर उलटी करणारा पर्याय, लावायचं आणि दोन्ही मिसळायच्या. दोन्हींत तेच आकडे असतील तर बेरीज शून्य येते. अगदी कमी आवाज नव्हे, शून्य. अँप्लिफाय करू गेलं तरी वाढवायला काही नसतं. सुरुवात शून्य आहे आणि पुढे कुठूनतरी फुसफुस सुरू होते असं दिसलं, तर त्या जागी एक आकडा गळाला किंवा जास्त आला. म्हणजे घड्याळ. मधेच एखादा काटा येऊन पुन्हा शून्य झालं तर टेप किंवा हेडचा दोष. तेवढाच भाग हेड साफ करून पुन्हा घ्यावा.

माझ्या पहिल्या चाचणीत फुसफुस चौथ्या सेकंदाला सुरू झाली, कारण संगणक पुन्हा सुरू केल्यावर घड्याळ आपोआप आतल्या ४४,१०० वर गेलं होतं. अल्सासीटीएलच्या स्टोअर आज्ञेनं सेटिंग जपून ठेवता येतं. पण मी ते मुद्दाम जपत नाही आणि त्याचं कारण आहे.

साठवताना १६ बिट पुरे. नेहमीच्या डॅटवर मुळात १६ पेक्षा जास्त बिट नसतातच. कार्ड त्यांना ३२ च्या डब्यात ठेवतं तेव्हा खालचे १६ रिकामे असतात. ते काढून टाकल्यानं काही जात नाही. ४४,१०० च्या स्टिरिओला तासाला ६३५ एमबी होतात आणि फ्लॅकमध्ये दाबल्यावर त्याहूनही कमी, एकही आकडा न बदलता. आवाज हळू वाटला तरी या मूळ फाइलीत वाढवू नका. ऐकण्यासाठी वेगळी प्रत करून तिच्यात हवं ते करावं.

आणि घड्याळाचं सेटिंग न जपण्याचं ते कारण. कार्डाला एकच घड्याळ असतं, रेकॉर्डिंगला वेगळं आणि वाजवण्याला वेगळं असं नाही. घड्याळ आयईसी९५८ इनपुटवर ठेवून डेक बंद केला की कार्डाचा ठेकाच थांबतो. मग गाणं वाजत नाही, व्हिडिओ पहिल्याच चित्रावर अडकून बसतो, एरेकॉर्ड थोडा वेळ थांबून इनपुट-आउटपुट एरर देतं, आणि घरातल्या कुणालाही वाटतं की संगणक बिघडला. म्हणून दिवसाचं काम संपलं की आधी अल्सामिक्सरमध्ये घड्याळ परत आतल्या ४८,००० वर आणायचं, कार्डाचं प्रोफाइल पुन्हा चालू करायचं, आणि मगच डेकचं बटण बंद करायचं.